परराज्यात जाण्याआधी मुलांचे कागद पुरे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की नाशिकच्या सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागांत सोसायट्यांच्या दारात सामान भरणारे आयशर टेम्पो दिसू लागतात. कुणाची कंपनीत बदली झालेली असते, कुणाला नवी नोकरी लागलेली असते आणि सगळं कुटुंब बंगळुरू, हैदराबाद किंवा चेन्नईला निघालेलं असतं. भाड्याचं घर आणि टेम्पोचा दर यांची चौकशी दोन-दोन महिने चालते. मुलांच्या दाखल्याला मात्र शेवटचे दोन दिवस ठेवलेले असतात. शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक म्हणून नोकरी झाल्याने हे कागद कुठे आणि का अडतात, ते मला ठाऊक आहे. सामान चार दिवस उशिरा पोचलं तर घर चालतं. दाखल्यातली एक चूक मुलाला पुढे सहा-सात वर्षे भोवते. म्हणून हे पत्र.

सगळ्यांनी एकदम जायचं की आधी एकट्याने, हे ठरवण्याआधी मूल कोणत्या इयत्तेत आहे ते बघावं. सातवीपर्यंत फारशी अडचण नाही. आठवी पास होऊन नववीला नवीन शाळेत जाणंही जमतं, कारण सीबीएसईची नोंदणी नववीत होते. नववी इथे करून दहावीला तिथे जाणं मात्र टाळावं. सीबीएसई दहावी आणि बारावीला सरसकट थेट प्रवेश देत नाही. पालकांची बदली अशा ठरावीक कारणांसाठीच, तेही मंडळाच्या परवानगीने, तो मिळतो. परवानगीचा कागद येईपर्यंत मूल शाळेत बसतं, पण पटावर नसतं. तेव्हा आठवी संपवून निघावं, नाहीतर दहावी इथेच पूर्ण करावी.

दहावी इथे करून अकरावीला जाणाऱ्यांनी राज्य मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, निघण्याआधी हातात घ्यावं. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार या चारही जिल्ह्यांचं काम नाशिक विभागीय मंडळाकडे असतं. कर्नाटकात अकरावीला पहिली पीयूसी म्हणतात. तिथलं कॉलेज गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला यांच्या जोडीला हे प्रमाणपत्रही मागतं.

याच टप्प्यावर मोठा खड्डा आहे आणि तो बहुतेक पालकांना बारावीनंतर दिसतो. महाराष्ट्रात मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून अर्ज करायचा तर अधिवास दाखला लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेल्या लागतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत. खासगी नोकरीवाल्यांच्या मुलांना त्या लागू होत नाहीत. म्हणजे दहावी नाशिकला आणि बारावी बंगळुरूला केलेलं मूल इथल्या कोट्यातून बाहेर पडतं. तिथे त्याला जागा आहे का? कर्नाटकात सीईटीतून इंजिनिअरिंगच्या सरकारी कोट्याची जागा हवी असेल तर सर्वसाधारण अट अशी, की पहिली ते बारावीमध्ये किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेलं असावं. तेलंगणात मेडिकलसाठी स्थानिक ठरायला नववी ते बारावी ही चार वर्षे सलग तिथे झालेली लागतात. अकरावीला गेलेलं मूल दोन्हीकडे परकं ठरतं. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर महाराष्ट्राचे नियम बरेच सैल आहेत. मुलाचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास दाखला असेल, तर बाहेर शिकलेल्यालाही इथल्या कोट्यातून अर्ज करता येतो. मेडिकलची तयारी करणारं मूल घरात असेल तर वडिलांनी दोन वर्षे एकट्याने राहणं आणि मुलाने बारावी नाशिकमध्येच करणं हे माझ्या मते जास्त शहाणपणाचं. दोन घरांचा खर्च होतो, हे मान्य. पण बारावीनंतर हा दरवाजा पैसे भरून उघडत नाही.

अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल, निघण्याआधीच काढावा. आईचा, वडिलांचा आणि मुलांचा, सगळ्यांचा. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो आणि तहसील कार्यालयातून दाखला मिळतो. महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा त्याला लागतो. जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, शाळेचे दाखले आज एका कपाटात असतात. घर बदललं की त्यातली निम्मी रद्दीत जातात. शिवाय चार वर्षे बाहेर काढल्यावर सलग वास्तव्य दाखवणं अवघड होतं.

आता शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे वळतो. तो हातात आला की शाळेच्या खिडकीतून हलण्याआधी ओळन्‌ओळ वाचावा. मुलाचं नाव आधारकार्डावर आणि जन्मदाखल्यावर आहे तसंच आहे का, आईचं नाव आहे का, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत एकच आहे का, जन्मस्थळापुढे तालुका-जिल्हा लिहिलाय का, हे बघावं. दक्षिणेत आडनाव शेवटी, किंवा नुसती आद्याक्षरं लिहायची पद्धत आहे. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी येतं. नवीन शाळेत नाव नोंदवताना त्यातून वडिलांचं नाव मुलाच्या नावाच्या जागी बसतं आणि थेट दहावीच्या प्रमाणपत्रावर उमटतं. त्यासाठी नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव वेगळं लिहिलेला स्वच्छ कागद प्रवेश अर्जाला जोडावा. इथल्या नोंदीत चूक सापडली तर ती मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्त करणं सोपं. एकदा दाखला गेला आणि पटावरून नाव कमी झालं की मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात जनरल रजिस्टरला, म्हणजे मुलांच्या नोंदींच्या मूळ वहीला, हात लावू शकत नाहीत. मग प्रस्ताव, प्रतिज्ञापत्र आणि नाशिकच्या खेपा. म्हणून मार्चमध्येच जनरल रजिस्टरच्या उताऱ्याची प्रत मागून घ्यावी आणि घरी जन्मदाखल्याशी ताडून बघावी.

दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायची ओळ असते. बहुतेक ठिकाणी ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहून मोकळे होतात. बदली असेल तर ‘पालकांच्या बदलीमुळे’ असंच लिहून घ्यावं आणि अर्जाला कंपनीचं बदलीचं पत्र जोडावं. वरच्या वर्गातला प्रवेश या एका ओळीवर ठरू शकतो. मूल पास होऊन पुढच्या इयत्तेस पात्र आहे, हा शेराही असायला हवा. राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळांचा दाखला मराठीत असतो. त्याच रजिस्टर क्रमांकाने इंग्रजीत मागावा, म्हणजे भाषांतर आणि नोटरीचा खर्च वाचतो.

परराज्यात दाखला चालावा म्हणून त्यावर शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. शहरातल्या प्राथमिक वर्गांसाठी मनपाच्या शिक्षण विभागाकडे आणि माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाकडे जावं लागतं. सोबत मूळ दाखला, त्याच्या दोन प्रती, पालकांचा अर्ज आणि शाळेचं पत्र असावं. आणि दाखला लॅमिनेट करू नये! प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि प्लास्टिक काढायला गेलं की अक्षरं उपटून येतात. जपायचा म्हणून लॅमिनेट केलेला दाखला त्याच कारणाने दुसऱ्यांदा काढावा लागतो आणि त्यावर ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का पडतो.

कागदाइतकीच संगणकातली नोंद महत्त्वाची झाली आहे. प्रत्येक मुलाला यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर कायमचा शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, असतो. दाखला दिल्यावर जुन्या शाळेने त्या मुलाची नोंद ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकायची असते. मगच नवीन शाळा पेन आणि जन्मतारीख घालून त्याला आपल्या यादीत ओढू शकते. जुन्या शाळेने ते केलं नाही तर मूल दाखल्यावर बाहेर आणि पोर्टलवर आतच राहतं. नवी शाळा ‘ओल्ड स्कूलला सांगा’ म्हणते आणि इथे मे महिन्याची सुटी असल्याने फोन कुणी उचलत नाही. दाखला घेताना पेन, अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) आणि शाळेचा २७ ने सुरू होणारा अकरा आकडी यू-डायस क्रमांक लिहून घ्यावा. ड्रॉपबॉक्सचं काम आपल्यासमोर करायला सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे.

दाखला यायला उशीर झालाच तर एक आधार लक्षात ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे आणि दाखल्याच्या उशिराचं कारण सांगून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांना हा बदलीचा हक्क लागू नाही. तिथे बोनाफाईड आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका देऊन तात्पुरत्या प्रवेशाची विनंती करावी लागते.

वर्षाच्या वेळापत्रकातही फरक आहे. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते. कर्नाटकातल्या राज्य मंडळाच्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीलाच भरतात आणि सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. पहिलीच्या वयाचंही तसंच. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल तिथे वर्षभर मागे राहू शकतं. नाशिकमध्ये मोठ्या शिशूत असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी नव्या शाळेची वयाची तारीख सर्वांत आधी विचारावी.

भाषेबद्दल पालकांचा अंदाज हमखास चुकतो. सेमी-इंग्रजीत शिकलेल्या मुलाचं गणित-विज्ञान आधीच इंग्रजीत असतं, त्यामुळे तिथे ते अडत नाही. अडतात इतिहास आणि भूगोल. पानिपतची कारणं मराठीत घडाघडा सांगणारं मूल इंग्रजीत दोन वाक्यांच्या पुढे जात नाही आणि शिक्षकांना ते अभ्यासात कच्चं वाटतं. जाण्याआधीच्या सुटीत शिकवणी लावायची असेल तर इतिहास-भूगोलाची लावावी. त्याच्या जोडीला स्थानिक भाषा येते. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड आणि तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू शाळांमध्ये शिकवणं सक्तीचं आहे. चौथी-पाचवीतलं मूल सहा महिन्यांत कन्नड लिपी वाचायला लागतं. आठवीतल्या मुलाला फार जड जातं, त्याला कोणत्या स्तराची कन्नड घ्यावी लागेल हे प्रवेशाआधी विचारावं. मराठीही सोडू नये. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे चार वर्षांनी परत आलेल्या मुलापुढे मराठीचा पेपर येतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आठवड्याला एक पान शुद्धलेखन घरी चालू ठेवावं.

जातीच्या दाखल्याबाबत फार गैरसमज आहेत. महाराष्ट्राचं जात प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात गेलं की त्या राज्याचं आरक्षण मिळत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला आरक्षण मूळ राज्यातच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं आहे. केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्राच्या संस्थांसाठी मात्र, जात केंद्राच्या यादीत असेल तर, हेच प्रमाणपत्र उपयोगी पडतं. पुढे कधी महाराष्ट्रात प्रवेश घ्यायचा तर जात वैधता, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी, लागणार आणि तिच्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आजोबा दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाण्याच्या ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले, तिथला प्रवेश-निर्गम उतारा आत्ताच काढून आणावा. जुनी रजिस्टरं जीर्ण झाली आहेत, पानं सुटी झाली आहेत. बंगळुरूहून तीन दिवसांच्या रजेवर येऊन हे काम होत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. दोन खोल्या-हॉल-किचनचं सामान साधारण १७ फुटी गाडीत मावतं. नाशिक-बंगळुरू अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर, स्वतंत्र गाडी दोन-तीन दिवसांत पोचते. दुसऱ्यांच्या सामानात मिळून गेलं तर भाडं कमी, पण दिवस वाढतात आणि मधे गोदामात चढ-उतार होते. काचेची मोडतोड तिथेच होते. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, घेतल्याशिवाय गाडी सोडू नये, तिच्यावर नगांची संख्या असावी. रस्त्यातून ड्रायव्हरचा फोन येतो, ‘ई-वे बिल नाही म्हणून नाक्यावर अडवलंय, पैसे पाठवा.’ वापरलेलं घरगुती सामान ई-वे बिलाच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी कागदाच्या, सक्तीतून वगळलेलं आहे, तेव्हा त्या कारणाने एक रुपयाही देऊ नये. विम्याचे पैसे घेतले तर विमा कंपनीच्या नावाची पॉलिसी मागावी. वाहतूकदाराच्या बिलावर ‘इन्शुरन्स’ लिहिलं म्हणजे विमा उतरला असं होत नाही. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा, उभाच न्यावा आणि पोचल्यावर चार-पाच तास तसाच ठेवून मग सुरू करावा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या मागच्या बाजूला ड्रम घट्ट धरणारे बोल्ट बसवतात. ते नवीन मशीन आणताना काढलेले असतात आणि माळ्यावर कुठेतरी पडलेले असतात. ते न लावता मशीन नेलं की ड्रमचे दांडे आणि स्प्रिंगा जातात.

गाडी नेणाऱ्यांसाठी नियम असा, की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना हरकत घ्यावी लागते. आधी सगळी ई-चलानं भरलेली हवीत आणि कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. वर्षभरात परत यायची शक्यता असेल तर ना हरकत घेऊ नये, कारण ती रद्द केल्याशिवाय गाडी इथे विकता येत नाही. गॅसचं सिलिंडर टेम्पोत घालू नये. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावं. त्यावर नव्या गावात जोडणी मिळते, मात्र अनामत तिथल्या चालू दराने भरावी लागते.

घर बघताना शाळेच्या जवळचं बघावं, ऑफिसच्या नाही. मोठ्या माणसाला दीड तास प्रवास झेपतो, दुसरीतल्या मुलाला झेपत नाही. बंगळुरूत अनामत नाशिकसारखी दोन-तीन महिन्यांची नसते, सहा ते दहा महिन्यांचं भाडं मागतात आणि सोडताना रंगासाठी महिन्याचं भाडं कापतात. ते करारात किती लिहिलंय ते सही करण्याआधी वाचावं. करारावर नवरा-बायको दोघांची नावं घालावीत, म्हणजे दोघांनाही पत्त्याचा पुरावा होतो. मुलांच्या आधारचा पत्ता मग कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून बदलता येतो. आधारला जोडलेला इथला मोबाईल क्रमांक कधीही बंद करू नये. आणि पाणी विचारावं. गंगापूर धरणाच्या मऊ पाण्याची सवय असलेल्या घराला बोअरचं जड पाणी लगेच जाणवतं, गिझरची कॉइल पांढरी होते, डाळ शिजत नाही. ‘कावेरीचं, म्हणजे नळाचं, पाणी आहे की बोअर-टँकरचं?’ हा प्रश्न मालकाला न विचारता वॉचमनला विचारावा.

प्राधान्य किंवा अंत्योदय रेशनकार्ड असेल तर ते रद्द करू नये. त्यावर देशात कुठल्याही दुकानात धान्य मिळतं, फक्त घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी इथे झालेलं असावं. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलतो.

शेवटी एक मागणी. आपल्याकडे अनेकांची नोंदलेली जन्मतारीख १ जून असते, त्यामुळे कितीतरी मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त होतात. प्रभारींना सह्यांचे अधिकार मिळाल्याचा कागद यायला वेळ लागतो आणि नेमक्या त्याच दिवसांत परराज्यात जाणाऱ्यांचे दाखले मागितले जातात. प्रभारींची सही नमुना सहीशी जुळत नाही म्हणून प्रतिस्वाक्षरी थांबते, तिकडे वर्ग सुरू झालेले असतात. पालकांनी दाखला ३१ मेच्या आत घ्यावाच. पण शिक्षण विभागांनीही निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या जागी येणाऱ्यांचे सह्यांचे अधिकार आणि नमुना सह्या एप्रिलमध्येच मागवून ठेवाव्यात. २ मे ते १५ जून या काळात प्रतिस्वाक्षरीसाठी आठवड्याचे दोन वार ठरवून ते प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावेत. शाळांनी सुटीतही एक लिपिक, एक संगणक आणि शिक्का उपलब्ध ठेवावा.

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक, माध्यमिक शाळा
सिडको, नाशिक